पाण्याच्या बाजूचा माणूस

पाहुणा पहिल्यांदा घरात आला की काय बघतो? कुणी देव्हारा बघतं, कुणी टीव्ही केवढा ते बघतं, कुणी भिंतीवरचे फोटो. आमच्या धाराशिवात एक गृहस्थ असे होते, की पायातल्या चपला निघायच्या आत विचारायचे, "मोरी कुठंय?"

ज्यांना माहीत नसायचं त्यांना वाटायचं, बिचारे लांबून आलेत, घाईची लागली असंल. ते लगबगीनं न्हाणीघर दाखवायचे. हे आत जायचे, दार सताड उघडं ठेवायचे, पँट गुडघ्यापर्यंत वळायचे आणि मोरीच्या भोकासमोर उकिडवे बसायचे. पिशवीतून स्वतःचा पितळी तांब्या काढायचे, भरून घ्यायचे आणि एका धारेनं मोरीत ओतायचे. डोळे मिटलेले. पाणी जाताना बघायचे नाहीत, ऐकायचे.

"घसा मोकळा आहे," म्हणाले की समजायचं, आता चहा घेतील. "घसा बसलाय," म्हणाले की चहा राहिला बाजूला, घरातल्या बाईची उलटतपासणी सुरू. चहाचा चोथा कुठं टाकता? पातेल्याची खरवड कुठं? केस विंचरल्यावर गुंतवळ कुठं जातं? त्या बाईला वाटायचं, सासू बरी होती.

हे आमचे अण्णा. घराचा विमा काढून द्यायचे. सगळे अण्णाच म्हणायचे, पोरं 'मोरीवाले अण्णा' म्हणायची, आणि ते दोन्हीला सारखीच ओ द्यायचे. म्हणून मीही नाव लिहीत बसत नाही.

आता माणसाचा विमा विकणारे आमच्या गावात पावलोपावली आहेत. लग्नात, मयतीत, बसस्टँडवर, कुठंही भेटतात. घराचा विमा विकणारा मात्र हा एकटा जीव. त्यात एजंटाला सुटणार काय, तर स्कूटरच्या पेट्रोललाही पुरायचं नाही. त्यांच्या घरच्या माई म्हणायच्या, "लोकांच्या मोऱ्या हुंगत फिरायला ह्यांना घरातनंच खर्च द्यावा लागतो बघा." पण म्हणायच्या हसत. माणूस छंदाला लागला होता, दारूला नाही, एवढ्यावर त्या खूश होत्या.

विकायची तऱ्हाही जगावेगळी. दुसरे एजंट काय काय मिळणार ते सांगतात, हे काय मिळणार नाही ते आधी सांगायचे. म्हणायचे, "स्थळ आणलं की आधी खोड सांगावी, मग गुण सांगावेत. लग्न टिकतं." आणि चष्मा वर सारून सुरू. "ओल हळूहळू मुरली, तर मिळणार न्हाय. पाइप म्हातारा होऊन गळाय लागला, तर न्हाय. मोरी नुसती तुंबली आणि तुम्ही माणूस बोलावून काढली, तर त्याची मजुरी न्हाय. टाकी फुटली, पाइप फुटला, पाणी ओसंडून घरातल्या सामानाचं वाटोळं झालं, तर व्हय. पण मुद्दाम केलं तर न्हाय, आणि बेफिकिरी केली तरी न्हाय. आता बोला, काढायचा का?"

निम्मे लोक तिथंच उठायचे. उरलेले निम्मे मात्र जन्मभर त्यांचे झाले.

एकदा तुळजापुरात एका पुजाऱ्याच्या घरी गेलो होतो. ते गृहस्थ म्हणाले, "अण्णा, आमच्या घरावर आईचा हात आहे. आम्हाला कशाला विमा?"

अण्णा म्हणाले, "आईचा हात छपरावर असतो हो. मोरीत घालायला लावता का तिला?"

पुजारी इतके हसले की आतून त्यांची आई बाहेर आली काय झालं बघायला. विमा काढला त्यांनी. निघताना अण्णा त्यांना म्हणाले, "नवस आणि विमा, दोन्ही एकच, फक्त उलटं. नवस काम झाल्यावर फेडायचा. विमा आधी फेडायचा, आणि काम पडूच नये म्हणून हात जोडायचे."

"गेलो होतो" असं मी म्हणाले, तर मी कुठून आले मध्येच, तेही सांगते. अण्णांचं घर आणि आमचं घर, मध्ये फक्त एक घर. आमचे हे कोर्टात कारकून होते, अण्णांची त्यांची जुनी बैठक. एके दिवशी अण्णा आले ते तोंड पाडून. गावात कुणाच्या तरी घरी गेले, मोरीत सूनबाई धुणं धूत होती, ह्यांनी सवयीनं दार ढकललं. मग काय, सासऱ्यानं हातात वहाण घेतली.

"वहिनी," मला म्हणाले, "बायकांच्या मोरीत म्या कसा शिरू? तुम्ही चला माझ्यासंगं. तुमचा कान चांगला आहे. पलीकडच्या घरात कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते तुम्ही इथनं सांगता."

आमचे हे पेपरातनं डोकं वर न काढता म्हणाले, "जा की. नाहीतरी गावातल्या सगळ्यांच्या घरातलं तुला ठाऊक आहे. मोऱ्याच तेवढ्या राहिल्या होत्या."

मी सातवी शिकलेली. पण अण्णांनी मला स्कूटरच्या मागं बसवून, उन्हातान्हात फिरवून, विम्याच्या कागदावरचं बारीक अक्षर मोठ्यानं वाचायला लावलं. अडले की म्हणायचे, "थांबू नका, पुढं चला, शेवटी अर्थ लागतोच." तो लागायचा. तांब्या ओतून ऐकायला शिकवलं. पाणी एकदम 'गुडुप' म्हणालं तर बरं, 'घळघळ' करत राहिलं तर पुढं कुठंतरी अडलंय, आणि ओतल्यावर थोडा वेळ गप्प बसून मग बोललं तर पाइपाला उतार नाही. उतार बघायला त्यांच्या खिशात एक काचेची गोटी असायची. फरशीवर सोडायची, मोरीकडं गेली पाहिजे. नव्या घराच्या वास्तुशांतीला लोक पीओपीचं छत बघून वा वा करायचे, आणि आमचे अण्णा न्हाणीघरात गोटी खेळत बसलेले असायचे. एकदा तर घरमालकाचा नातू आला आणि म्हणाला, "मला पण घ्या की डावात."

हळदीकुंकवाची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. संक्रांतीला माईंच्या घरी सगळ्या गल्लीच्या बायका. कुणाकडं प्लॅस्टिकचा डबा वाण, कुणाकडं वाटी, कुणाकडं आरसा. माईंनी ओटी भरली, तिळगूळ दिला आणि मान खाली घालून प्रत्येकीच्या हातावर काहीतरी ठेवलं. बघतो तर स्टीलची गोल जाळी. मोरीच्या भोकावर बसवायची! बायका एकमेकींकडं बघाय लागल्या. मग जे हसू फुटलं, विचारू नका. माई लाजून लाल. म्हणाल्या, "मी साबणदाण्या आणल्या होत्या गं. ह्यांनी बदलून आणलं."

ती जाळी माझ्या मोरीवर आजही आहे. साबणदाणी मिळाली असती तर केव्हाच फुटली असती.

आता आमच्या गल्लीतल्या पाण्याची रीत सांगते, म्हणजे पुढचं नीट कळंल. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. येतं तेव्हा येतं. चार दिवसांनी, आठवड्यानं, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. कोणत्या वेळेला, ते देवाला ठाऊक. म्हणून आमच्या घरोघरी नळाची तोटी कायम उघडी असते, आणि खाली एक पातेलं पालथं घातलेलं असतं. पाणी यायच्या आधी नळातनं वारा येतो, फुस्सफुस्स करतो. आम्ही म्हणतो नळ शिंकला. मग पालथ्या पातेल्यावर धार पडली की ठणठणाट होतो, आणि झोपलेलं, देवाला बसलेलं, भाकरी थापत असलेलं माणूस उठून पळतं. प्रत्येकाच्या पातेल्याचा आवाज वेगळा. माझं ॲल्युमिनियमचं, अण्णांकडं पत्र्याचं घमेलं. कुणी घरी नसलं तर शेजारी आवाज ओळखतो, जाऊन बघतो, वेळ पडली तर भिंतीवरून उडी मारून तोटी बंद करतो. असं आमचं सगळं उघड्या तोटीवर चालतं.

माझ्या आणि अण्णांच्या मधल्या घरात शालन राहायची. नवरा एसटीत ड्रायव्हर, कायम लांबच्या गाडीवर. पोरगी अश्विनी, तिचं लग्न ठरलेलं, दीड-दोन महिन्यांवर आलेलं. शालननं पोरीच्या संसाराचं सामान वर्षभर एकेक करत जमवून आतल्या खोलीत रचलं होतं. दिवाण, कपाट, गाद्या, मिक्सर, आणि स्वतःच्या हातानं केलेलं रुखवत.

एके दिवशी नळदुर्गाहून फोन आला, शालनची आई अंगणात घसरून पडली. शालन नि अश्विनी उठल्या तशा निघाल्या. कुलूप लावलं, तोटी नेहमीसारखी उघडी, खाली पातेलं. त्यात वावगं काहीच नव्हतं, अदमासानं पाणी दुसऱ्या दिवशी यायचं होतं, आणि दोन्ही बाजूंना आम्ही होतोच की.

पण त्या दिवशी आम्ही नव्हतो. मी आणि अण्णा स्कूटरवर तुळजापुरात, कुणाची तरी मोरी ऐकायला. माई आणि आमचे हे एका बारशाला. आणि पाणी आलं एक दिवस आधी. दुपारभर वाहिलं. बाकीच्या गल्लीला वाटलं, शेजारी आम्ही आहोतच. तेवढंही नडलं नसतं, आमच्याकडच्यासारखं मोरीतून निघून गेलं असतं. पण शालन दुधाच्या पिशव्या धुऊन न्हाणीघराच्या भिंतीच्या फरशांवर वाळायला चिकटवायची, तशा आपण सगळ्याच चिकटवतो. त्यातली एक सुटली आणि बरोब्बर मोरीच्या जाळीवर जाऊन बसली. झाकण लावल्यासारखी.

आम्ही आलो तेव्हा पाणी शालनच्या उंबऱ्याखालून रस्त्यावर येत होतं. अण्णांनी स्कूटर तशीच टाकली. कुलूप तोडलं. आत घोट्याच्या वर पाणी, त्यात अश्विनीचा संसार. प्लायवूडचं कपाट खालून पोळीसारखं फुगलेलं. गाद्यांनी सगळं पाणी पिऊन घेतलेलं. अण्णा तडक न्हाणीघरात गेले, जाळीवरची पिशवी उचलली आणि कितीतरी वेळ हातात धरून बघत राहिले.

"वहिनी," हळू आवाजात म्हणाले, "जाळी माझी आहे. नसती तर पिशवी आत गेली असती आणि पाणी वाहून गेलं असतं."

मी म्हटलं, "हे आता कुणाला सांगत बसू नका."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी पदर खोचला आणि पाणी उपसायला लागले.

शालन आली, आणि रडली. आम्ही सगळ्यांनी मिळून खोली उपसली. विमा होता तिचा, अण्णांनीच काढलेला. सगळ्या गल्लीचाच होता, आणि आता सगळी गल्ली बघत होती, की हे कागद कामाला येतात का नुसते कपाटात ठेवायचे. पण शालनला गल्लीशी काय देणंघेणं? तिला लग्नाआधी पोरीचा संसार पुन्हा उभा करायचा होता, आणि दुसऱ्यांदा ते तिच्यानं होणार नव्हतं.

तिच्याबरोबर नळदुर्गाहून तिचा भाऊ आला होता. हायवेवर ढाबा चालवतो, बोलण्यात तरबेज. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आक्का, तोटी उघडी होती असं सांगितलंस तर एक दमडी मिळायची न्हाय. बेफिकिरी म्हणतेल. हातोडी आण. पाइपाला एक दणका. पाइप फुटला म्हणायचं, विषय संपला."

शालननं हातोडी आणलीसुद्धा. तिचाही काय दोष? भाऊ न्हाणीघरापाशी गेला तर आत अण्णा. पाट मांडून, पाइपाला पाठ लावून बसलेले.

"अण्णा, सरका."

"न्हाय सरकत. हाणायचं तर आधी माझ्या गुडघ्यावर हाणा. तसाही तो दुखतोच आहे."

"ओ, चेष्टा सुचती का तुम्हाला? पोरीचं लग्न हाय!"

"म्हणून तर बसलोय. पाइप आतून फुटला का बाहेरून फोडला, हे येणाऱ्या माणसाला एका नजरेत कळतं. मग लग्नात सामान बी न्हाय आणि इज्जत बी न्हाय."

शालन पुढं झाली. रडून रडून आवाज बसलेला. "अण्णा, खरं सांगा. तुम्ही आमच्या बाजूचे का कंपनीच्या?"

अण्णा म्हणाले, "शालन, म्या पाण्याच्या बाजूचा. पाणी जसं आलं, जसं गेलं, तसं सांगायचं. पुढचं माझ्यावर सोड."

"तुमचं काय जातंय!" ती म्हणाली आणि आत गेली. हातोडी मात्र जाताना भावाच्या हातातनं घेऊन गेली. अण्णा दिवे लागेपर्यंत त्या पाटावर बसून होते. माईंनी ताट तिथंच आणून दिलं. न्हाणीघरात बसून जेवणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

कंपनीचा तपासणीचा साहेब आला. पुण्याकडचा, तरणा, नीटनेटका, बोलायला गोड. चपला बाहेर काढून आला, फोटो काढले, फुगलेल्या कपाटाला हात लावून बघितला. मग विचारलं, "ताई, नेमकं काय झालं?"

शालन माझा हात धरून उभी होती. तिनं एकदा अण्णांकडं बघितलं आणि सांगितलं सगळं. तोटी उघडी, घराला कुलूप, दुधाची पिशवी, जाळी. तिचं झाल्यावर अण्णा म्हणाले, "जाळी मी दिलेली. ते बी लिहून घ्या." भावानं कपाळावर हात मारला.

साहेबाचा चेहरा उतरला. खरंच उतरला, माणूस वाईट नव्हता. "ताई, तुम्ही खरं सांगितलंत, बरं वाटलं. पण नळ उघडा ठेवून कुलूप लावलंत. हे निष्काळजीपणात धरतात. घरातून निघताना नळ बंद करायला काय झालं होतं? पाणी किती वाजता येतं तुमच्याकडे?"

दारात सगळी गल्ली जमलेली. आधी एक बाई हसली, मग दुसरी, मग सगळीच. शालनसुद्धा रडता रडता हसली. साहेबाला कळेना, आपण विनोद काय केला.

अण्णा हसले नाहीत. दोन्ही हात जोडून म्हणाले, "साहेब, ह्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कुणालाच देता येत न्हाय. उत्तर ऐकायचं असंल तर एकदा पाण्याच्या दिवशी या. लिहायचं ते मग लिहा. मी तुम्हाला काय लिहा म्हणून सांगणार न्हाय."

साहेबाला सोलापूर, नळदुर्ग असा फेरा होताच. तो म्हणाला, "ठीक आहे, परतताना येतो."

आला. सकाळीच आला. पाणी येईल असा अदमास होता, पण अदमासच. अण्णांनी त्याला ओट्यावर खुर्ची दिली. चहा झाला, पोहे झाले, पुन्हा चहा झाला. साहेब घड्याळ बघायचा. अण्णा म्हणायचे, "बसा, आमची सगळी जिंदगी अशीच बसून गेली." शालन दाराच्या चौकटीला टेकून उभी, आत येईना, बाहेर जाईना. दुपार झाली. माझ्या मनात आलं, आज नळानं पाठ फिरवली तर ह्या माणसाची सगळी अब्रू गेली.

आणि गल्लीच्या तोंडाच्या घरातला नळ शिंकला.

मी तर त्या आवाजाबरोबरच उठले. साहेबानं विचारलं, "काय झालं?" अण्णांनी बोट वर केलं, "ऐका फक्त." पहिल्या घरातलं पातेलं वाजलं, ठण. मग दुसरं. मग पत्र्याचा डबा, मग घमेलं, मग माझं ॲल्युमिनियम. आवाज घराघरातनं आमच्याकडं पळत येत होता. बायका हातातलं टाकून धावल्या, "नळ आला! नळ आला गं!" कोपऱ्यावरच्या घराला कुलूप होतं, माणसं लातूरला गेलेली. आत पातेलं ठणाणा वाजत होतं. समोरच्या घरच्या म्हाताऱ्या बाबांनी काठी बाजूला ठेवली, बुटक्या भिंतीवरून पाय टाकला, आतली तोटी बंद केली आणि पुन्हा येऊन काठी हातात घेतली. विशेष काही केल्याची खूण चेहऱ्यावर नाही.

माझी तर तारांबळ. पिंप भरायचं, टाकी भरायची, हे घरात नाहीत. मी साहेबाच्या हातात पाइपाचं टोक दिलं आणि म्हटलं, "धरा जरा." तो बिचारा इस्त्रीच्या कपड्यात, पाइप धरून माझी टाकी भरत उभा. सोडायचा कुठं आणि हलायचं कसं, त्याला कळेना. निम्मा भिजला.

पाणी गेल्यावर गल्ली शांत झाली. साहेब ओट्यावर येऊन बसला, बाह्या पिळल्या. अण्णा म्हणाले, "साहेब, तुमच्याकडं तोटी उघडी ठेवणं ही बेफिकिरी. आमच्याकडं तोटी बंद ठेवून जातो, त्याला आम्ही बेफिकीर म्हणतो. हिनं पाण्याची राखण लावली होती. राखणीला दोन शेजारी होते, वहिनी आणि मी. ते दोघं त्या दिवशी जागेवर नव्हते. चूक असंल तर आमची आहे, हिची न्हाय."

साहेब उठला. जाताना शालनला म्हणाला, "ताई, तुमचं पातेलं कुठलं? आवाज कसा येतो?" शालननं दाखवलं, वर तांब्या ओतून वाजवूनही दाखवलं. त्यानं त्याचा फोटो काढला.

मंजूर झालं. घरच्या वापरातल्या जुन्या गाद्यांचं कापलं, बाकीचं दिलं. अण्णांना त्यात एवढंच विचारायचं होतं, कारण काय लिहिलं. साहेबानं फोनवर वाचून दाखवलं: या भागात नळ उघडा ठेवणे ही पाण्यावर लक्ष ठेवण्याची प्रचलित पद्धत आहे. अण्णांनी ते मला स्पीकरवर दोनदा ऐकायला लावलं. मी सातवी शिकलेली बाई, पण सांगते, माझा ऊर भरून आला. आमच्या पालथ्या पातेल्यांना आजवर कुणी पद्धत म्हटलं नव्हतं. सगळे हालच म्हणायचे.

अश्विनीचं लग्न झालं. रुखवतात लाडू, चिवडा, मण्यांचे हंस, लोकरीचं तोरण, आणि मधोमध एका ताटात, कडेनं मोती लावलेली स्टीलची जाळी. वरपक्षाकडच्या बायका विचारायच्या, "ही कशाची हो कलाकुसर?" शालन ताठ मानेनं सांगायची, "मोरीची जाळी आहे. आमच्याकडं लेकीला देतात." अण्णा आले, ताटापाशी वाकले आणि जाळी उलटी करून ठेवली. म्हणाले, "बाई, पालथी मांडलीस. खोलगट बाजू वर पाहिजे." आणि मग मांडवामागं खरकटं पाणी कुठं चाललंय ते बघायला निघून गेले.

दोन वर्षांमागं त्यांचा मुलगा त्यांना आणि माईंना हैदराबादला घेऊन गेला. गुडघ्यांनी अगदीच साथ सोडली होती. जाताना अण्णांनी पितळी तांब्या नि गोटी माझ्याकडं दिली. म्हणाले, "कान सांभाळा, वहिनी." मी अजून जाते घरोघर, पन्नास मोऱ्या ऐकल्या तर एखादीचा घसा बसल्याचं सांगते, शिव्याही खाते. विम्यात काय मिळणार नाही ते आधी वाचून दाखवते. आमचे हे म्हणतात, तू अण्णाच झालीस. मला बरं वाटतं ते.

तिकडं हैदराबादेत बाराव्या मजल्यावर चोवीस तास पाणी. माई फोनवर म्हणतात, "ह्यांना करमतच न्हाय बघा. तोटी फिरवली की पाणी. म्हणतात, ह्यात काय मजा?" शेजारच्या फ्लॅटमधल्या तेलुगू बाईची मोरीसुद्धा ऐकून झाली म्हणे, भाषा येत नसताना.

मला त्यांचा फोन येतो. ख्यालीखुशाली विचारतात, कुणाचं काय तुंबलं ते विचारतात, आणि पाण्याचा अदमास असला की म्हणतात, "वहिनी, आला की लावा."

परवा नळ शिंकला तशी मी आधी पिंपाकडं नाही, फोनकडं धावले. त्यांना लावला आणि नळाखालच्या पातेल्याजवळ धरला. गल्लीच्या तोंडाकडून ठणठण सुरू झाली, एकेक घर करत आली, शालनचं वाजलं, माझं वाजलं. पलीकडं अण्णा ऐकत होते. मी पाणी भरून घेतलं. शेवटी त्यांचाच तांब्या भरला, मोरीत एका धारेनं ओतला आणि फोन जाळीपाशी नेला.

गुडुप.

"मोकळा आहे," अण्णा म्हणाले. "आता चहा घेतो."